दादावर चढवलेलं जस्त

६ जानेवारी

टिटवे,

ख्यालीखुशाली नंतर, आधी कामाचं. तुझ्या बाबाला मी माझ्याकडे आणलंय. खोकला दोन महिने होता, विचारलं की म्हणायचा टॅक्सीतला धूर. धूर कसला डोंबलाचा! क्षय निघाला. तोही साधा नाही, नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. तुला फोनवर 'जरा कणकण आहे' एवढंच सांगितलंन ना? मी शेजारीच बसले होते, चिमटे काढत होते. पण दादा म्हणजे दादा. जन्मात कधी खरं दुखणं सांगितलंय?

गोळ्या दिवसाला मूठभर. नऊ महिने तरी घ्यायच्या. खिडकीजवळची खाट त्याला दिली, मी स्वयंपाकघरात पथारी टाकते. तुझी आई गेल्यापासून त्याला खायलाच कळत नाही, हाडं मोजून घ्यावीत असा झालाय.

आता तुला विचारायचं ते. तू तिकडे इतकी वर्षं याच जंतूंवर काम करतेस ना? मग ते मरतात कशाने ते सरळ सांग. आणि तयार झालेलं काही असेल तर एक बाटली पाठव. फोनवर सांगू नकोस, फोनवर तू भराभरा बोलतेस आणि मी 'हं हं' करत राहते. कागदावर लिही. चौथी शिकलेय, पण एकच ओळ चार वेळा वाचायला मला लाज नाही.

आत्या

१५ जानेवारी

आत्या,

पत्र वाचून प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले. मग तुझे चिमटे आठवून हसले. बाबांना सांग, लपवलंत म्हणून मी रागावले आहे.

बाटली नाही गं. आमच्याकडे जे आहे ते काचेच्या बशीतल्या जंतूंसाठी. त्याचं औषध व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही. बाबांचं औषध म्हणजे दवाखान्यातल्या गोळ्या. त्या एकही दिवस चुकवू नका.

पण तू विचारलंस म्हणून सांगते. या जंतूला जगायला लोखंड लागतं. आपलं शरीर ते त्याच्यापासून लपवून ठेवतं, मग हा आकडे टाकून चोरतो. तांबं आणि जस्त यांचं उलट. तीही त्याला लागतात, पण चिमूटभर. म्हणून आपल्या पेशी त्याला गिळतात तेव्हा त्याच्यावर तांबं आणि जस्त ओततात, विषासारखं. तोही वस्ताद. त्याच्या अंगात पंप असतात, जास्तीचं जस्त तो बाहेर उपसून टाकतो. आम्ही त्या पंपात बोळा कोंबायला बघतोय. पंप बंद पडला की आपल्याच शरीराच्या जस्ताने तो मरेल. म्हणजे, मरावा असं आम्हाला वाटतं.

थोडक्यात, प्रत्येक धातू त्याला मोजूनमापून हवा. तो तोल बिघडवायचा, एवढंच माझं काम.

सुट्टी मिळत नाहीये. मे संपताना येते.

टिटवी

२४ जानेवारी

टिटवे,

एवढं शिकून तू जे करतेस ते मी एकवीस वर्षं करतेय की गं! आमच्या शेडमध्ये दुसरं काय चालतं? लोखंडी पत्रे, बादल्या, पाइप येतात. आधी आम्लात बुडवून साफ करायचे, मग नवसागराच्या पाण्यातून काढायचे, मग वितळलेल्या जस्तात. बाहेर येतं ते चकचकीत. मग पावसात टाक नाहीतर समुद्रात, गंज लोखंडाला तोंड लावत नाही. का? तर वर जस्त आहे.

दादाच्या छातीत बसलाय तो गंजच की. त्याला लोखंड खायचंय. लोखंडावर जस्त चढवलं की संपलं. तुझं पत्र चार वेळा वाचलं, चारही वेळा हेच निघालं.

औषधाच्या दुकानात गेले. म्हटलं जस्ताचं काही आहे का. आहे म्हणाला, पातळ औषध, लहान मुलांना जुलाबात देतात. विचारतो कसा, "बाळ किती महिन्यांचं?" मी म्हटलं, "चोपन्न वर्षांचं, दाढी करतं." बाटली आणली. सांग, द्यायला हरकत नाही ना?

शेडमधल्या मुकादमाला हे सांगितलं तर तो खदाखदा हसला. त्याची अक्कल त्याच्या शिट्टीत आहे. मी लक्ष दिलं नाही.

आत्या

५ फेब्रुवारी

आत्या,

फार घाईत आहे, परवा आमच्या कामाची तपासणी आहे. माणसाला पत्र्यासारखं जस्त चढवता येत नाही गं, मुकादम बरोबर हसला! पण त्या पातळ औषधात जस्त थोडंसंच असतं. बाटलीवर लिहिलंय त्याहून जास्त देऊ नकोस, मग काही बिघडत नाही. बाबांचं वजन कळव.

टिटवी

११ मार्च

टिटवे,

माझं डोकं चालेनासं झालंय, तू तरी सांग.

दोन महिन्यांनंतरची थुंकी तपासली. जंतू तसेच. वजन दोन किलोने उतरलंय. नर्सबाईने रिपोर्ट हातात धरला आणि मला म्हणते, "गोळ्या चुकवता ना?" मी म्हटलं, "बाई, रोज सकाळी मी स्वतः त्याच्यासमोर उभी राहून देते. चुकवायला मी काय शाळेतली पोर आहे?" ती म्हणाली, "सगळे असंच म्हणतात." माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की काय सांगू. बाहेर येऊन दादालाच ओरडले, त्याचा काय दोष? तो बिचारा खाली मान घालून चपला शोधत होता.

डॉक्टरांनी सांगितलं ते ऐक. नऊ एप्रिलला पुन्हा तपासणार. तेव्हाही जंतू दिसले तर या गोळ्या फसल्या असं लिहायचं आणि दुसरं औषध लावायचं. ते दीड-दोन वर्षांचं, वर रोजची सुई. त्या सुईने कान जाऊ शकतात. दादाचे कान गेले तर टॅक्सी गेली. आणि टॅक्सी गेली तर तो खाटेवरून उठणारच नाही, मला माहीत आहे. परवा मला म्हणाला, "त्यापेक्षा नको काहीच." मी म्हटलं, "तोंड बंद ठेव." पण रस्त्यावर हॉर्न वाजला की तो ऐकतो, कुठली गाडी ते सांगतो. मग मला स्वयंपाकघरात जावं लागतं.

गोळ्या जातात. जस्त जातं. अंडी, दूध, पालेभाजी जाते. मग जंतू जात का नाही? तुझं शास्त्र खोटं, का माझं जस्त खोटं, का नर्सबाई खरी? तिन्ही एकदम कसं होईल?

आत्या

१८ मार्च

आत्या,

मलाही कळत नाहीये. इथेही पंपात बोळा बसला की एका बशीतले जंतू मरतात आणि शेजारच्या बशीतले मजेत वाढतात. प्रयोगशाळेतले आमचे सर म्हणतात, घाई करू नकोस, आधी नीट लिहून काढ.

म्हणून तूही लिहून काढ. बाबा उठल्यापासून दुपारपर्यंत काय काय तोंडात घालतात, किती वाजता, कशाबरोबर. अगदी चूळ भरली तरी लिही. गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं अक्षर न् अक्षर उतरव. फालतू वाटलं तरी गाळू नकोस.

टिटवी

२७ मार्च

टिटवे,

घे. सहाला उठतो, चूळ. साडेसहाला चहा. सातला मी गोळ्या देते, कारण साडेसातला मला शेडवर निघावं लागतं. एक पांढरी बारकी, ती पाण्याबरोबर. एक तपकिरी, तीही पाण्याबरोबर, तिने अंग सावळं पडत चाललंय. दोन लांबट, त्यांचं नाव उतरवायला मला चष्मा आणि शेजारणीचा चष्मा दोन्ही लागले. लि-व्हो-फ्लॉ-क्सा-सिन. या लांबट घशात अडकतात, त्याला उमासे येतात. म्हणून मी त्या कुटते आणि जस्ताच्या औषधात कालवून चमच्याने देते. दोन कामं एकदम होतात. वर कपभर दूध. मग मी चमचा धुते आणि निघते.

असं रोज, जानेवारीच्या शेवटापासून, तुझं उत्तर यायच्या आधीपासूनच. एक दिवस खाडा नाही. बास, एवढंच. यात काय सापडणार तुला?

आत्या

३ एप्रिल

आत्या,

फोनवर मी रडत होते म्हणून तुला अर्धंच कळलं असेल, आणि पुढे तू फोन ठेवलास. म्हणून पुन्हा लिहिते.

त्या लांबट गोळीला धातू दिसला की ती त्याला घट्ट धरते. जस्त, लोखंड, दुधातलं कॅल्शियम, काहीही. मग दोघं एकमेकांना धरून पोटातून तसेच बाहेर जातात. रक्तात पोचतं ते थोडंसंच. दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. तू तर चमच्यातच त्यांची गाठ मारून देत होतीस.

आणि 'काही बिघडत नाही' असं मी लिहिलं होतं. दिवसभर मी हेच बघते, कुठला धातू कुणाला धरतो ते. तरी बाबा कुठल्या गोळ्या घेतात ते विचारलं नाही. घाई होती. आत्या, चूक माझी आहे.

फोनवर सांगितलं तेच पुन्हा. नऊ तारखेच्या आधी डॉक्टरांना हे सांग, नाहीतर ते औषध बदलतील. माझं ते पत्र दाखव. म्हणावं, शिकलेल्या भाचीने सांगितलं म्हणून केलं.

टिटवी

१२ एप्रिल

टिटवे,

फोन ठेवला कारण माझ्या हातातून पडला. रागाने नाही.

सहा तारखेला गेले. दादाला नेलं नाही. रांगेत दोन तास बसले, बाटली पिशवीत. आत गेल्यावर बाटली टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "डॉक्टर, माझा भाऊ गोळ्या चुकवत नव्हता. मी त्या बिघडवत होते. यात कालवून देत होते."

त्यांनी बाटली फिरवून वाचली. "कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. मी जस्ताच्या शेडमध्ये काम करते. मला वाटलं, लोखंड वाचेल."

त्यांनी बाटली परत टेबलावर ठेवली. मला वाटलं आता हाकलतात. मग म्हणाले, "बाई, आठ वर्षांत मला हे असं येऊन कुणी सांगितलं नाही." नर्सबाई दारात उभी होती. तिने खुर्ची सरकवली. मी बसले नाही.

तुझं पत्र दाखवलं नाही. कशाला दाखवू? कालवलं मी. तुझ्या घाईचं तू बघ, माझ्या चमच्याचं मी बघते.

नऊची तपासणी होती तशी केली. जंतू आहेतच, पण मागच्यापेक्षा कमी का तेवढेच ते त्यांनाही ठरवता येईना. तरी औषध बदललं नाही. महिनाभर याच गोळ्या, नुसत्या पाण्याबरोबर. दहा मेला पुन्हा तपासायचं. तेव्हा दिसले तर मात्र सुई.

आता गोळ्या मी देत नाही. सकाळी दवाखाना उघडला की दादा तिकडे जातो, नर्सबाई देते. रविवारच्या तेवढ्या पुडीत बांधून देते, त्या तो आपल्या हाताने घेतो. मी हात लावत नाही.

आत्या

२५ एप्रिल

चि. बेटा,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. आज तुझी आत्या शेडवर गेली आहे म्हणून बसलो.

तुझी आत्या मला ओरडत नाही. तीन आठवडे झाले. ताट समोर ठेवते आणि जिन्यात जाऊन बसते. मी मुद्दाम ओला टॉवेल खाटेवर टाकला. उचलून वाळत घातला, एक शब्द नाही. घरात कुणी शिव्या घालत नाही आणि मला झोप लागत नाही. काल म्हणाली, "दादा, माझ्या हातचं खाऊ नकोस वाटलं तर."

बेटा, मी ते औषध गिळत नव्हतो. सुरुवातीचा आठवडा गिळलं. त्याची चव जुना नळ चाटल्यासारखी, वर त्या गोळीचा कडूपणा. पोटातून ढवळायचं. ती चमचा धुवायला वळली की मी रुमाल तोंडाला लावायचो. रोज नाही. पण आठवड्यातून चार दिवस तरी. एखाद्या आठवड्यात पाच. खोकणाऱ्या माणसाच्या रुमालाकडे कोण बघतं? बाकीच्या गोळ्या मी घेत होतो. एक नसली तर काय होतंय, असं वाटायचं.

नर्सबाईने विचारलं तेव्हा सांगणार होतो, पण तुझी आत्या माझ्यासाठी भांडायला लागली. मग सांगवेना. मग ती डॉक्टरांकडे जाऊन आली, मग तर मुळीच सांगवेना.

आता सगळं नीट घेतो. नर्सबाई समोर असते, आणि कालवलेलं नसतं.

हे तुझ्या आत्याला कळू देऊ नकोस. मला नुसतं कुणाला तरी सांगायचं होतं.

बाबा

१ मे

बाबा,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. आधी फार राग आला, मग आमच्या बश्या आठवल्या. एका बशीत दोन चुका एकदम झाल्या की कुठलीच नीट दिसत नाही.

मी आत्याला सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. आपल्या हाताने भावाला मारत होते असं समजून ती जिन्यात बसते, आणि तुम्ही खाटेवरून बघता. हे मला बघवत नाही, इतक्या लांबून सुद्धा.

आणि डॉक्टरांनाही सांगा. गोळी अर्धीमुर्धी पोचली की जंतू तिला सरावतो. तो सरावला आहे का हे त्यांना वेगळं तपासावं लागेल. लाज वाटली तर वाटू दे. आत्याला वाटली नसेल?

तुमची बेटा

१३ मे

टिटवे,

तुला सगळं माहीत होतं आणि तू गप्प बसलीस. त्याचं मे संपताना आलीस की बघू.

दहा तारखेला सकाळी दवाखान्यात जायला निघालो आणि दादा जिन्यात, तिसऱ्या पायरीवर बसला. म्हटलं दम लागला. तर म्हणतो, "मी थुंकत होतो." मी म्हटलं, "काय?" "तू कालवलेलं. रुमालात." मला आधी कळेचना. मग पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं, किती दिवस, कुठल्या रुमालात, तो धुतला कुणी? धुतला मीच!

टिटवे, पाच आठवडे मी शेडमध्ये उभी राहून त्या भट्टीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, बाई, तू भावाला मारलंस. आणि हा! जिन्यात उभी राहून मी त्याला जे बोलले ते तीन मजल्यांनी ऐकलं. वरची शेजारीण दार उघडून बघायला आली, तिलाही दोन शब्द मिळाले. सगळं बोलून झालं तर दादा हसत होता. डोळ्यांतून पाणी आणि हसत होता. म्हणाला, "आली परत."

डॉक्टरांना दोघांनी सांगितलं. नर्सबाई म्हणाली, "मी म्हटलंच होतं." मी म्हटलं, "हो, तुम्ही म्हटलंच होतं." जिवावर आलं, पण म्हटलं.

काचपट्टीवर एकही जंतू दिसला नाही. पण उड्या मारू नकोस, बाटलीत वाढवून बघतात त्याचा निकाल यायला सहा आठवडे. जंतू गोळीला सरावला का, तेही तेव्हाच कळेल. सुई तोवर नाही. मी डॉक्टरांना विचारलं, मग चूक कुणाची? माझ्या जस्ताने गोळी धरली होती की याने रुमालात धरली होती? ते म्हणाले, "बाई, ते आता कुणालाच सांगता येणार नाही." तुझ्या सरांना विचार. त्यांनाही येणार नाही, बघ.

आज रविवार, दवाखाना बंद. पुडी घेऊन मीच उभी राहिले. शेडमध्ये बादली उजेडात धरून फिरवतात, कुठे उघडं राहिलंय का बघायला. तसं त्याचं डोकं खिडकीकडे फिरवलं. म्हटलं, आ कर. जीभ वर. आता इकडे गाल. रुमाल दे इकडे.

"एवढाही विश्वास नाही?" म्हणाला.

"नाही," म्हटलं. "तुझ्यावर नाही, माझ्यावर नाही, तुझ्या पोरीवर तर नाहीच नाही. गोळीवर थोडा आहे. गीळ."

आत्या